फौज कोणाची आणि पोशिंदा कोण?

निवृत्तीनंतर माणसाला जे नवे गुरू भेटतात, त्यांत नातवंडांचा क्रमांक पहिला लावावा लागेल. माझा चौदा वर्षांचा नातू सुटीत नागपुराहून चंद्रपूरला आला की संगणकावर एक खेळ तासन्‌तास खेळत बसतो. ‘सिव्हिलायझेशन’, म्हणजे ‘संस्कृती’, असे त्या खेळाचे भारदस्त नाव आहे. सिड मायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली तो प्रथम बाजारात आणला आणि आता त्याची सातवी आवृत्ती निघाली आहे. खेळणारा एका राष्ट्राचा सर्वाधिकारी होतो. बुद्धिबळातल्याप्रमाणे एकेक खेप खेळत त्याने नगरे वसवावयाची, शेती व खाणी काढावयाच्या, विद्या वाढवावयाची, फौज उभारावयाची आणि जमल्यास जग जिंकावयाचे.

एके दिवशी हा सर्वाधिकारी हिरमुसला होऊन माझ्याकडे आला. मी विचारले, “काय रे, कोणी हरवले?” तो म्हणाला, “कोणीच नाही, आबा. फौज फार झाली. पोसवत नाही. खजिना रिकामा झाला आणि माझ्या तुकड्या आपोआप मोडल्या.”

सार्वजनिक आयव्यय हा विषय मी तीन दशके महाविद्यालयात शिकविला. त्या विषयातील एक मूलभूत सिद्धांत या मुलाच्या मुखातून इतक्या थोड्या शब्दांत ऐकून मला, खरे सांगावयाचे तर, थोडा मत्सर वाटला. सैन्य उभारण्याचा खर्च एकदाच करावा लागतो, पोसण्याचा खर्च दर खेपेला करावा लागतो. उभारताना आपण शत्रूकडे पाहतो. पोसताना आपल्याच शेताकडे, आपल्याच कारागिराकडे आणि आपल्याच शाळेकडे पाहावे लागते, कारण तो पैसा तेथूनच उचललेला असतो. त्या खेळात ही गोष्ट खेळाडूपासून लपविता येत नाही. प्रत्येक खेपेच्या शेवटी हिशेब समोर येतोच.

परंतु कुतूहलाने मी शेजारी बसून तो खेळ पाहू लागलो तेव्हा त्यातल्या आणखी तीन गोष्टींनी माझी झोप उडविली. पहिली गोष्ट अशी की नकाशावर जेथे कोणत्याही राष्ट्राची नजर पोहोचलेली नसते, तेथे ‘रानटी टोळ्यां’चे तळ उगवतात. त्यांना उद्ध्वस्त केल्यास बक्षीस मिळते. दुसरी गोष्ट अशी की काही ठिकाणी ‘आदिवासी खेडी’ असतात. आपला शिपाई तेथे पोहोचला की खेडे आपल्याला सोने किंवा ज्ञान देते आणि त्याच क्षणी नकाशावरून नाहीसे होते. त्या खेड्यातील माणसांचे पुढे काय झाले, हे खेळ सांगत नाही आणि खेळणाराही विचारीत नाही. तिसरी गोष्ट जंगलाची. जंगल तोडले तर एकदाच भरघोस लाकूड मिळते. राखले तर दर खेपेला थोडे थोडे उत्पन्न येत राहते. घाईत असलेला खेळाडू बहुधा तोडतो.

मी मुलाला काही बोललो नाही. खेळ तो खेळच. परंतु ज्या भूमीत मी आयुष्य काढले, त्या चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांकडे मुंबई-दिल्लीचे राज्यकर्ते ज्या दृष्टीने पाहत आले, ती दृष्टी या पडद्यावर जशीच्या तशी दिसली हे मी नाकारू शकत नाही. फरक असलाच तर तो राज्यकर्त्यांच्या विरोधात जातो. नातवाला फौजेच्या पोषणाचा हिशेब दर खेपेला दाखविला जातो. गडचिरोलीच्या जनतेला तो गेल्या चार दशकांत एकदाही सलगपणे दाखविलेला नाही.

चांद्याचा जुना जमाखर्च

हा प्रश्न आजचा नाही. अकबराच्या काळातील ‘ऐन-इ-अकबरी’त चांद्याच्या गोंड राजाजवळ एक हजार घोडदळ आणि चाळीस हजार पायदळ असल्याची नोंद आहे. घनदाट अरण्याच्या या मुलखात एवढे मनुष्यबळ कशाच्या बळावर उभे राहत असेल, असा प्रश्न अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पडलाच पाहिजे. त्याचे उत्तर तलवारीत सापडणार नाही, तळ्यांत सापडेल. जो जंगल साफ करून जमीन लागवडीखाली आणील त्याला ती जमीन, आणि जो तळे बांधील त्याला त्या तळ्याच्या पाण्याने भिजेल तेवढी जमीन, असे गोंड राजांचे धोरण परंपरा सांगते. चंद्रपूर शहरातील ‘तुकूम’ या वस्तीचे नाव त्याच तुकूम-दानाची आठवण आहे. फौज मोठी होती, पण तिच्याखाली पाणी होते. सैन्याचे पोषण करणारा धान्याचा वाढावा आधी निर्माण केला गेला होता. (त्या राज्यव्यवस्थेचे मी गोडवे गात नाही. तीही सरंजामीच होती. मुद्दा हिशेबाच्या क्रमाचा आहे.)

१७५१ साली हे राज्य नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात गेले. भोसल्यांच्या घराण्याने पुढे जो सौदा केला, तो तर फौजेच्या पोषणाचा धडा म्हणून पाठ्यपुस्तकात घालावा असा आहे. मे १८१६ मध्ये आप्पासाहेब भोसल्यांनी इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला आणि त्या फौजेपोटी दरसाल साडेसात लाख रुपये देण्याचे मान्य केले. फौज नागपूरच्या रक्षणासाठी, पैसा नागपूरच्या रयतेचा आणि हुकूम कंपनी सरकारचा! खजिन्यावर पहिला हक्क परक्या फौजेचा झाला. दीड वर्षाच्या आत, नोव्हेंबर १८१७ मध्ये, सीताबर्डीवर त्याच कंपनीच्या तोफा नागपूरकरांवर चालल्या. मे १८१८ मध्ये चांद्याचा किल्ला पडला. १८५४ पर्यंत उरलेसुरले राज्यही खालसा झाले. १८५८ साली बाबुराव शेडमाके या मोलमपल्लीच्या तरुण गोंड जमीनदाराला इंग्रजांनी याच चंद्रपुरात फाशी दिले. ज्याची फौज आपण पोसतो पण जिच्यावर आपला हुकूम चालत नाही, ती फौज आपली नसते, हे कळायला नागपूरच्या राज्याने आपले अस्तित्वच मोजले.

याच परंपरेत मराठी माणसाला अभिमानास्पद अशा दोन गोष्टीही आहेत. शिवाजी महाराजांनी चिपळूणनजीकच्या छावणीतील आपल्या अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणावैरण जपून वापरा, लागेल ती वस्तू बाजारातून विकत घ्या, रयतेच्या घरात शिरून काही उचलाल तर लोकांना मोगल बरे वाटू लागतील, असा त्याचा आशय आहे. सैन्य आणि शेतकरी यांच्यातील आर्थिक संबंधाचे इतके स्पष्ट भान त्या काळात जगात फार थोड्या राज्यकर्त्यांना असेल. दुसरी गोष्ट नामदार गोखल्यांची. मार्च १९०२ मध्ये कलकत्त्याच्या कायदेमंडळात त्यांनी अर्थसंकल्पावर जे पहिले भाषण केले, त्यात सरकारच्या तिजोरीतील शिल्लक हे जनतेच्या सुखाचे लक्षण नव्हे, ते जादा करांचे लक्षण आहे, हे आकड्यांनिशी दाखवून दिले आणि वाढत्या लष्करी खर्चावर बोट ठेवले. गोखले काही बंडखोर नव्हते. ते हिशेब मागत होते. परकीय सरकारला हिशेब मागता येत होता, मग स्वकीय सरकारला मागणाऱ्याकडे संशयाने का पाहिले जावे?

दोन फौजा, एकच रान

१९८० साली पीपल्स वॉर गटाची पथके आंध्रातून प्राणहिता-गोदावरी ओलांडून सिरोंचा-अहेरीच्या बाजूला आली. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांचा पेद्दी शंकर हा कार्यकर्ता सिरोंचा भागात पोलिसांच्या गोळीने मारला गेला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. मी तेव्हा पदव्युत्तर शिक्षण घेत होतो. नवा जिल्हा म्हणजे दवाखाने, शाळा, रस्ते, वनोपजाला भाव, अशी आमची भाबडी समजूत होती. या सर्वांआधी आणि सर्वांहून वेगाने वाढली ती बंदूक. १९९० मध्ये सी-६० हे खास पथक उभे राहिले. पोलीस मदत केंद्रे, राखीव दलाच्या तुकड्या, नंतर केंद्रीय दले असा पसारा वाढत गेला.

आपल्या वर्तुळातील काही मित्र येथवर मान डोलावतात आणि पुढचे वाक्य ऐकताच अस्वस्थ होतात. तरीही ते वाक्य लिहिलेच पाहिजे. या रानात एक फौज नव्हती, दोन होत्या, आणि दुसरी फौजही रानावरच पोसली जात होती. तेंदूपानाच्या ठेकेदाराकडून, बांबूच्या कंत्राटदाराकडून, रस्त्याच्या गुत्तेदाराकडून माओवाद्यांनी वर्षानुवर्षे वसुली केली. ठेकेदार हा काही दानशूर पुरुष नसतो. ती वसुली तो शेवटी पुडा बांधणाऱ्या बाईच्या मजुरीतून आणि ग्रामसभेला मिळणाऱ्या भावातूनच काढणार, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. सुरुवातीच्या काळात या पथकांच्या दबावाने तेंदूचे दर वाढले, ही गोष्ट मी नाकारीत नाही. पण दर वाढवून देणारा जेव्हा स्वतःच कायमचा वाटेकरी होतो, तेव्हा तो मुक्तिदाता राहत नाही, दुसरा वसुलीदार होतो. खबऱ्या ठरवून ज्यांचे प्राण घेतले गेले ते बहुतांशी त्याच गरीब आदिवासींपैकी होते. मे २०१९ मध्ये कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याला सुरुंगस्फोटात पंधरा पोलीस आणि एक वाहनचालक ठार झाले. एप्रिल २०१८ मध्ये भामरागड तालुक्यातील बोरिया-कसनासूरच्या चकमकीत चाळीस जण मारले गेले. दोन्ही बाजूंच्या मृतांच्या याद्या शेजारी ठेवा. आडनावे सारखीच भरतील, कारण दोन्ही फौजांचे शिपाई याच गावांतून भरती झाले होते. दोन्ही फौजांचा पोशिंदा एक आणि दोन्हींचा बळीही तोच.

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी पक्षाच्या पॉलिटब्युरोचे सदस्य मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपती यांनी साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांपुढे शस्त्रे ठेवली. सशस्त्र माओवाद ३१ मार्च २०२६ पर्यंत संपविण्याची मुदत केंद्रीय गृहमंत्र्यांनी आधीच जाहीर केली होती. रक्तपात थांबतो याचा आनंद ज्याला होणार नाही तो समाजवादी नव्हे. परंतु आनंदाच्या या क्षणीच माझ्या नातवाचा प्रश्न विचारला पाहिजे. ज्या कारणासाठी फौज उभारली ते कारण संपत आले असे सरकारच सांगत असेल, तर दर खेपेला फौजेकडे जाणारा पैसा आता कोठे जाणार? आणि ते कोण ठरविणार?

आक्षेप आणि त्याचे उत्तर

आपला प्रतिपक्ष येथे जो युक्तिवाद करतो तो त्याच्या सर्वांत बळकट रूपात मांडू या. तो म्हणतो: सुरक्षितता हीच विकासाची पूर्वअट आहे. पोलीस नसते तर रस्ता झाला नसता, रस्ता नसता तर डॉक्टर पोहोचला नसता. शिवाय पोलीस भरतीने स्थानिक तरुणांना पगाराची नोकरी दिली. हा खर्च अनुत्पादक कसा?

यातला काही भाग खरा आहे. डिसेंबर २०१६ मध्ये सूरजागडला सत्तरहून अधिक वाहने जाळली गेली आणि अन्यत्र रस्त्याच्या कामावरची यंत्रे जाळली गेली, हा इतिहास आहे. माझे कित्येक विद्यार्थी पोलिसांत गेले. त्यांच्या पगारावर त्यांची धाकटी भावंडे शिकली. त्या तरुणांविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण अर्थशास्त्रात खर्चाची खरी किंमत ही त्या खर्चामुळे जे करता आले नाही त्यावरून मोजतात. आणि ते काय करता आले असते याचा पुरावा शोधायला दूर जावे लागत नाही, तो गडचिरोलीतच आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने याच जिल्ह्यातील खेड्यांत गावच्याच अल्पशिक्षित स्त्रियांना प्रशिक्षण देऊन नवजात बालकांची घरच्या घरी शुश्रूषा करविली. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शुश्रूषा न मिळालेल्या गावांच्या तुलनेत नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे बासष्ट टक्क्यांनी खाली आले होते. या कामाला ना चिलखती गाडी लागली, ना हेलिकॉप्टर. प्रशिक्षण घेतलेली गावची बाई, एक पिशवी आणि थोडी औषधे लागली. डॉ. प्रकाश व मंदाताई आमटे १९७३ पासून हेमलकशाला काम करीत आहेत. तेथे रस्त्याच्या आधी दवाखाना गेला होता.

शिवाय ‘सुरक्षिततेनंतर विकास’ म्हणताना विकासाचा निर्णय कोणाच्या हाती दिला गेला, तेही पाहा. केंद्राने २०१० साली नक्षलग्रस्त व मागास अशा साठ जिल्ह्यांसाठी एकात्मिक कृती योजना आणली. महाराष्ट्रातून तीत गडचिरोली व गोंदिया होते. पहिल्या वर्षी जिल्ह्याला पंचवीस कोटी व दुसऱ्या वर्षी तीस कोटी रुपये होते. हा पैसा कशावर खर्च करावयाचा हे ठरविणारी समिती तिघांची: जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि वनाधिकारी. एक महसुलाचा, एक दंडुक्याचा आणि एक कुंपणाचा! ज्यांच्या नावाने पैसा आला त्यांच्यापैकी एकही नाही. पेसा कायदा १९९६ सालीच झाला होता. वनहक्क कायदा २००६ सालीच झाला होता. दोन्ही कायदे ग्रामसभेला निर्णयाचा अधिकार देतात. समिती मात्र तिघांचीच. तैनाती फौजेच्या तहातला तर्क यापेक्षा फारसा वेगळा नव्हता.

एकदाच मिळणारे लाकूड

आता खाणीकडे वळू. एटापल्ली तालुक्यातील सूरजागडच्या पहाडावर ३४८ हेक्टरचा लोहखनिजाचा पट्टा एका खाजगी कंपनीला २००७ साली देण्यात आला. उत्खनन २०१६ मध्ये सुरू झाले, थांबले आणि २०२१ पासून पोलिसांच्या मोठ्या बंदोबस्तात पुन्हा जोमाने चालू झाले. हा पहाड भोवतालच्या सत्तर गावांच्या ठाकूरदेवाचा पहाड आहे. दर जानेवारीत तेथे जत्रा भरते. २०२५ साली खनिज शुद्धीकरणाच्या प्रकल्पासाठी नऊशेहून अधिक हेक्टर वनजमीन आणि लाखाहून अधिक झाडे तोडण्याची मंजुरी पुढे आली. गडचिरोलीला ‘पोलाद नगरी’ करण्याच्या घोषणा आता रोज होतात.

एक गोष्ट स्पष्ट करतो. मी लोखंडाचा शत्रू नाही. समाजवादी माणूस नांगर, रूळ आणि यंत्र यांचा शत्रू असूच शकत नाही. प्रश्न हिशेबाचा आहे. खनिज ही ठेव आहे, उत्पन्न नव्हे. ती काढली की संपली. ठेव मोडून जो पैसा आला त्यातून तेवढेच टिकाऊ असे दुसरे काही, म्हणजे शिक्षण, आरोग्य, पाणी, राखलेले वन, उभे राहिले तरच समाज तेवढाच श्रीमंत राहतो. अन्यथा तो गरीब होतो आणि आकडे मात्र वाढ दाखवितात. चंद्रपूरकराला हे वेगळे शिकवावे लागत नाही. कोळसा आमचा, २९२० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र आमच्या उशाशी, सिमेंट आमच्या डोंगराचे, आणि २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत ज्यांना वरचे स्थान दिले त्यांत आम्ही. वीज मुंबई-पुण्याला गेली, राख येथे राहिली. बल्लारपूरच्या कागद गिरणीला वर्षानुवर्षे सवलतीच्या दराने बांबू मिळत गेला. त्याच काळात टोपल्या विणणारा बुरड चार बांबूंसाठी नाकेदाराच्या पाया पडत होता. आता तोच अध्याय गडचिरोलीत पुन्हा लिहिला जात आहे.

कायद्यात तरतूद नाही असेही नाही. २०१५ पासून जुन्या खाणपट्ट्यांच्या स्वामित्वधनाच्या तीस टक्क्यांइतकी रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानाला द्यावी लागते. अनुसूचित क्षेत्रात त्या निधीच्या योजनांना ग्रामसभेची मंजुरी हवी, असे केंद्राच्याच मार्गदर्शक सूचना सांगतात. आपल्या कार्यकर्त्यांनी एटापल्लीच्या कोणत्याही गावात जाऊन विचारावे: या निधीची कोणती योजना तुमच्या ग्रामसभेपुढे आली, कधी, आणि ठराव कोठे आहे? वनजमीन वळविण्यापूर्वी ग्रामसभेची संमती घेण्याची अट केंद्राने २००९ साली घातली होती. २०२२ च्या नियमांनी तिची जबाबदारी राज्याकडे ढकलून केंद्राच्या मंजुरीचा मार्ग आधीच मोकळा करून दिला. म्हणजे आधी तोडीचा निर्णय, मग मालकाला विचारणे!

याच संदर्भात जुलै २०२५ मध्ये राज्य विधिमंडळाने मंजूर केलेल्या विशेष जनसुरक्षा विधेयकाकडे पाहिले पाहिजे. एकीकडे माओवाद संपत आला म्हणून पाठ थोपटून घ्यावयाची आणि दुसरीकडे त्याच माओवादाच्या नावाने नवे अधिकार मागावयाचे, हा अंतर्विरोध डोळ्यांत भरणारा आहे. शत्रू संपल्यावर फौजेला नवा शत्रू लागतो, नाहीतर तिच्या पोषणाचे समर्थन करता येत नाही. उद्या खाणीला नकार देणारी ग्रामसभा हाच तो नवा शत्रू ठरणार नाही, याची हमी कोण देईल?

राखलेल्या रानाचे उत्पन्न

दुसरा मार्ग आहे आणि तो पुस्तकातला नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या लहानशा गोंड गावाने देवाजी तोफा आणि दिवंगत मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने, एकमताने निर्णय घेण्याची शिस्त लावून घेत, २००९ साली सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळविला. देशातील अशा पहिल्या गावांत ते गणले जाते. एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावने २०१२ साली सुमारे हजार हेक्टरांवर हक्क मिळविला आणि बांबू स्वतः विकला. तेंदूच्या तोडीने झाडे खुरटतात आणि वणवे लागतात म्हणून हाती येणारे तेंदूचे उत्पन्न या गावाने स्वखुशीने सोडले. तिजोरी भरण्याची घाई झालेल्या कोणत्या मंत्र्याने आजवर असा निर्णय घेतला आहे? गडचिरोलीत आज हजाराहून अधिक ग्रामसभांकडे असे हक्क आहेत. दर खेपेला थोडे थोडे देणारे रान हे असे असते.

येथे भाबडेपणा नको. हक्क मिळाला म्हणजे भाव मिळाला असे होत नाही. अनेक ग्रामसभा आजही एकाच व्यापाऱ्याच्या तोंडाकडे पाहतात. करारनामे वाचता न आल्याने फसतात. काही ठिकाणी हिशेब दोन-चार जणांच्याच खिशात राहतो. आणि हे घडते तेव्हा आपण कोठे असतो? मोर्चाच्या दिवशी आपण गडचिरोलीला जातो, निवेदन देतो, छायाचित्र काढतो आणि संध्याकाळच्या गाडीने परततो. माओवाद्यांची बंदूक चुकीची होती हे म्हणण्याचा अधिकार आपल्याला तेव्हाच, जेव्हा बंदुकीशिवाय त्या बाईच्या पुड्याला योग्य भाव मिळवून देण्याचे कष्ट आपण घेतलेले असतील. ते आपण पुरेसे घेतले नाहीत. मीही घेतले नाहीत. तीस वर्षे खडू घेऊन फळ्यावर आलेख काढले, पण एकाही ग्रामसभेची खतावणी तपासली नाही, ही माझी कबुली आहे.

म्हणून माझे म्हणणे चार मागण्यांत सांगतो. पहिली: गडचिरोलीतील सुरक्षा यंत्रणेवर केंद्र व राज्य यांनी १९९० पासून केलेल्या खर्चाची श्वेतपत्रिका विधिमंडळात मांडावी आणि खाणीच्या बंदोबस्ताचा खर्च तीत स्वतंत्र दाखवावा. तो बंदोबस्त कोणाच्या नफ्यासाठी आहे आणि त्याचे पैसे कोण भरतो, हे जनतेला कळले पाहिजे. दुसरी: धोका ज्या प्रमाणात घटेल त्या प्रमाणात वाचणारी रक्कम जिल्ह्याबाहेर न नेता वनहक्कधारक ग्रामसभांच्या खात्यात, त्यांच्या आराखड्यानुसार, जमा करावी. तिसरी: खनिज निधीची एकही योजना ग्रामसभेच्या ठरावाशिवाय राबवू नये आणि संमतीशिवाय एकही हेक्टर वन वळवू नये. चौथी: सी-६० मधील तरुण असोत की शस्त्रे ठेवलेले तरुण, दोघांनाही वनव्यवस्थापन, तळ्यांची दुरुस्ती आणि आरोग्यसेवा यांत सन्मानाचे काम मिळावे. गोंडकालीन आणि मालगुजारी तळी गाळाने भरून पडली आहेत. ज्या हातांनी बंदुका धरल्या त्यांना फावडी देण्यासारखे काम येथे ढिगाने आहे.

या मागण्यांसाठी मोर्चा काढावाच. पण त्याआधी येत्या तेंदूच्या हंगामात आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याने किमान एका ग्रामसभेत आठ दिवस मुक्काम करावा. करारनामा मोठ्याने वाचून दाखवावा, पुडे मोजताना शेजारी उभे राहावे, जमाखर्च फळ्यावर लिहून द्यावा. अर्थशास्त्राचे पदवीधर आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांना मी जाहीर बोलावणे करतो आणि गुडघे कुरकुरत असले तरी मीही येईन.

नातवाने तो डाव मोडून नवा सुरू केला. या वेळी त्याने फौज बेताची ठेवली आणि नदीकाठचे जंगल राखले. मी कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, “मागच्या वेळी सगळे तोडले होते, आबा. नंतर काही उरलेच नाही.” त्याला नवा डाव मांडता आला. सूरजागडच्या पहाडाला आणि त्याच्या पायथ्याच्या सत्तर गावांना तो मांडता येणार नाही.